गुहागरला आलेले ओडिशाचे कासव: समुद्री कासवांचे मूळ डीएनएवरून कसे ओळखतात?

जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या पुढच्या पायाला धातूचा टॅग लावलेला आढळला. त्यावर ०३२३३ हा क्रमांक होता. चौकशीअंती असे कळले, की भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने मार्च २०२१ मध्ये ओडिशातील गहिरमाथा येथे, ती तिथे अंडी घालायला आली असताना, हा टॅग बसवला होता. श्रीलंकेला वळसा घालून येणारा हा समुद्रमार्ग सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचा आहे. बंगालच्या उपसागरात अंडी घालणाऱ्या मादीने अरबी समुद्राच्या किनाऱ्यावरही अंडी घातल्याची अशी नोंद पहिल्यांदाच झाली, म्हणून ही बातमी सर्वत्र छापून आली.

बातमीबरोबर दोन निष्कर्षही पसरले. पहिला असा, की देशाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांवरची कासवे एकाच समूहाची आहेत. दुसरा असा, की मादी जन्मलेल्या किनाऱ्यावरच अंडी घालायला परतते ही इतकी वर्षे सांगितली जाणारी गोष्ट खोटी ठरली. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. टॅगमुळे एका मादीचा ठावठिकाणा कळतो, तर समूह एक आहे की अनेक, हा प्रश्न डीएनएला विचारावा लागतो. हा प्रश्न कसा विचारतात आणि मिळालेल्या उत्तराचा संवर्धनासाठी काय उपयोग होतो, हे पुढे पाहू.

टॅग काय सांगतो आणि काय सांगत नाही

टॅग म्हणजे क्रमांक कोरलेली धातूची छोटी पट्टी. मादी वाळूत आली की ती तिच्या वल्ह्यासारख्या पायाच्या कडेला बसवतात. ती मादी पुन्हा कुणाला दिसली आणि त्याने क्रमांक कळवला, तर आपल्याला दोन ठिकाणे आणि दोन तारखा मिळतात. मधल्या काळात ती कुठे होती, हे समजत नाही. गुहागरच्या मादीच्या बाबतीत मधली जवळजवळ चार वर्षे कोरीच आहेत.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की टॅगवरून तिचा जन्म कुठे झाला हे कळत नाही. सर्वांनी तिला ओडिशाचे कासव म्हटले, कारण ती आधी तिथे दिसली. पण ती कोकणातल्याच एखाद्या किनाऱ्यावर जन्मली असेल आणि २०२१ ची गहिरमाथ्याची फेरीच वाट चुकून झालेली असेल, ही शक्यता टॅगच्या आधारे नाकारता येत नाही. बातम्यांमध्ये या शक्यतेचा फारसा विचार झालेला दिसला नाही.

मग पिल्लांनाच टॅग का लावत नाहीत? अंड्यातून नुकतेच बाहेर आलेले पिल्लू तळहातावर मावते आणि त्याचे वजन जेमतेम पंधरा-वीस ग्रॅम असते. प्रौढ व्हायला त्याला दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो आणि तोवर शरीर इतके वाढते की जन्माच्या वेळी लावलेली कोणतीही पट्टी टिकणे अवघड असते. शिवाय बहुतेक पिल्ले प्रौढ होण्यापूर्वीच मरतात. नरांची अडचण आणखी वेगळी आहे. एकदा समुद्रात शिरलेला नर सहसा पुन्हा किनाऱ्यावर येतच नाही, त्यामुळे टॅग लावणाऱ्यांच्या हाती जवळजवळ फक्त माद्याच लागतात.

उपग्रह टॅगने मधला प्रवास दिसतो. २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यांवर भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी पाच माद्यांना असे टॅग बसवले होते. २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ तर श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागराकडे गेली. म्हणजे गुहागर आणि पूर्वेकडचा समुद्र यांच्यात ये-जा होते, याचा अंदाज आधीच आलेला होता. मात्र ही यंत्रे महाग असतात, काही महिन्यांत बंद पडतात आणि मोजक्याच कासवांना लावता येतात.

आईकडून चालत आलेले आडनाव

प्रत्येक पेशीत डीएनए दोन ठिकाणी असतो. बहुतांश डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो आणि तो निम्मा आईकडून व निम्मा वडिलांकडून येतो. थोडासा डीएनए मायटोकॉन्ड्रिया या ऊर्जा तयार करणाऱ्या सूक्ष्म घटकांत असतो आणि तो केवळ आईकडून येतो. मुलाला आणि मुलीला तो सारखाच मिळतो, पण पुढच्या पिढीला तो फक्त मुलीच देतात. कासवांच्या अभ्यासात सर्वाधिक उपयोग याच छोट्या डीएनएचा झाला आहे.

कोकणात केळशीकर, हर्णेकर, गुहागरकर अशी गावावरून पडलेली आडनावे आहेत. मुंबईच्या एखाद्या चाळीत केळशीकर भेटला, तर त्याचा जन्म गिरगावातला असला तरी त्याचे घराणे मूळ कुठले, हे आडनावावरून कळते. आता अशी कल्पना करा, की ही आडनावे वडिलांकडून न चालता आईकडून चालतात आणि मुली पिढ्यानपिढ्या आपल्या आईच्याच गावी राहतात. काही पिढ्यांनंतर प्रत्येक गावाची आडनावे ठरून जातील. मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएचे नेमके असेच होते. पिढ्यांच्या ओघात त्यातील एखादे अक्षर चुकून बदलते, तो बदल पुढच्या लेकींकडे जातो आणि त्यातून नवे ‘आडनाव’ तयार होते. अशा प्रत्येक वेगळ्या अक्षरक्रमाला शास्त्रज्ञ हॅप्लोटाइप म्हणतात. ज्या बदलांवरून एक प्राणी किंवा एक समूह दुसऱ्यापासून वेगळा ओळखता येतो, त्यांना जनुकीय खुणा म्हणतात. या दोन संज्ञांपलीकडे फारशी परिभाषा या लेखात लागणार नाही.

इथे एक खबरदारी घ्यावी लागते. जोशी किंवा कुलकर्णी या आडनावावरून गाव ओळखता येत नाही, कारण ती आडनावे गावोगावी आहेत. तसेच काही हॅप्लोटाइप अनेक किनाऱ्यांवर आढळतात. म्हणून एका कासवाच्या डीएनएवरून ‘हे अमुक किनाऱ्याचे’ असे छातीठोकपणे सांगणे बहुतेक वेळा शक्य नसते. शंभर कासवांच्या गटात कोणते हॅप्लोटाइप किती प्रमाणात आहेत, हे कळले की मात्र त्या गटात कोणत्या किनाऱ्याचा किती वाटा आहे, याचा भरवशाचा अंदाज बांधता येतो.

नमुना घेताना नेमके काय करतात

मादी अंडी घालू लागली की तिचे आसपासच्या हालचालींकडे फारसे लक्ष राहत नाही. त्या वेळी पायाच्या कडेच्या कातडीचा काही मिलिमीटरचा तुकडा काढून अल्कोहोलच्या छोट्या नळीत ठेवतात. प्रयोगशाळेत त्यातून डीएनए वेगळा काढतात, हव्या त्या भागाच्या असंख्य प्रती तयार करतात आणि त्यातील अक्षरांचा क्रम वाचतात. समुद्री कासवांच्या अभ्यासात यासाठी मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएतील एक ठरावीक, झपाट्याने बदलणारा भाग वापरतात आणि त्याची सुमारे आठशे अक्षरे वाचली जातात. जगभर हाच भाग वाचला जात असल्यामुळे ओडिशाच्या कासवाची तुलना कोस्टारिकाच्या कासवाशी करता येते.

कातडीचा तुकडा घेणे कासवाला त्रासदायक नाही का, असा प्रश्न साहजिक आहे. जखम होते, पण ती धातूचा टॅग बसवताना होणाऱ्या जखमेपेक्षा मोठी नसते. जिवंत कासवाला हात न लावताही नमुना मिळू शकतो. घरट्यात मेलेली पिल्ले, न उबलेली अंडी, किनाऱ्याला लागलेली मृत कासवे या सगळ्यांत डीएनए असतो. भारतात ही कासवे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे मेलेल्या पिल्लाचा नमुनासुद्धा परवानगीशिवाय घेता येत नाही. कासवमित्रांनी आणि हौशी अभ्यासकांनी हे ध्यानात ठेवावे.

जन्मकिनाऱ्याची ओढ खरी आहे, पण पोलादी नाही

मादी जन्मलेल्या किनाऱ्यावर परतते, ही कल्पना अमेरिकी शास्त्रज्ञ आर्ची कार यांनी गेल्या शतकाच्या मध्याला कोस्टारिकातील टोर्तुगेरो येथे हिरव्या कासवांना टॅग लावून पुढे आणली. एकदा आलेली मादी पुन्हा त्याच किनाऱ्यावर येते, हे त्यांच्या टॅगांनी दाखवले. ती तिथे जन्मली होती का, हे मात्र टॅगांना दाखवता आले नाही. त्यामुळे एक पर्यायी तर्कही मांडला जात होता, की तरुण मादी अनुभवी माद्यांच्या पाठोपाठ एखाद्या किनाऱ्यावर जाते आणि पुढे तोच तिच्या सवयीचा होतो.

१९९० मध्ये अ‍ॅन मेलन, ब्रायन बोवेन आणि जॉन अव्हाइस यांनी हा वाद डीएनएच्या मदतीने तपासला. त्यांचा युक्तिवाद सोपा होता. तरुण माद्या कुणाच्याही मागे जात असतील, तर एकाच समुद्रात चरणाऱ्या कासवांच्या वेगवेगळ्या किनाऱ्यांवर ‘आडनावांची’ सरमिसळ दिसायला हवी. त्या जन्मकिनाऱ्यावर परतत असतील, तर प्रत्येक किनाऱ्याची आडनावे वेगळी दिसायला हवीत. त्यांना किनारे स्पष्टपणे वेगळे दिसले आणि कार यांचा अंदाज खरा ठरला.

याच शास्त्रज्ञांचे त्याआधीचे, १९८९ मधील एक काम गुहागरच्या संदर्भात अधिक बोलके आहे. अटलांटिक महासागराच्या मध्यावर असेन्शन नावाचे छोटे बेट आहे. ब्राझीलच्या किनाऱ्यालगत चरणारी हिरवी कासवे दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर पोहून तिथे अंडी घालायला जातात. जवळचा किनारा सोडून इतक्या लांब का? कार आणि त्यांचे सहकारी पॅट्रिक कोलमन यांनी एक मोहक उत्तर सुचवले होते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका कोट्यवधी वर्षांपूर्वी अलग होऊ लागले तेव्हा ही कासवे किनाऱ्याजवळच्या बेटांवर जात. खंड दूर सरकत गेले, बेटेही लांब गेली आणि कासवे पिढ्यानपिढ्या अंतर वाढवत राहिली. हे खरे असते, तर असेन्शनच्या कासवांचा डीएनए इतरांपेक्षा फार वेगळा निघायला हवा होता. प्रत्यक्षात फरक अगदी किरकोळ निघाला. याचा अर्थ हे बेट भूशास्त्रीय मोजमापाने कालपरवाच, वाट चुकून आलेल्या काही माद्यांनी वसवले.

तसे पाहिले तर हे तर्कानेही समजते. प्रत्येक मादी न चुकता जन्मकिनाऱ्यावरच परतली असती, तर कोणताही नवा किनारा कधी वसलाच नसता आणि वादळाने किंवा समुद्राने गिळलेल्या किनाऱ्याबरोबर तिथले कासवांचे घराणेही संपले असते. वाट चुकणारी मादी हा नियमाचा भंग वाटला, तरी ही जात इतका काळ टिकण्याला अशा माद्याही कारणीभूत आहेत. त्यामुळे एका मादीने किनारा बदलला, एवढ्यावरून जन्मकिनाऱ्याची ओढ खोटी ठरत नाही. ऑलिव्ह रिडले याबाबतीत हिरव्या कासवापेक्षा बऱ्याच सैल मानल्या जातात, हेही लक्षात घ्यावे.

ओडिशाच्या कासवांचा डीएनए काय सांगतो

भारतातील ऑलिव्ह रिडलेंवर या दृष्टीने झालेला महत्त्वाचा अभ्यास कार्तिक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केला. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील शास्त्रज्ञ त्यात सहभागी होते. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या.

पहिली गोष्ट अशी, की भारताच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कासवांमध्ये किनाऱ्यागणिक फरक दिसला नाही. डीएनएच्या नजरेने पूर्व किनारा म्हणजे एकच मोठे गाव आहे. दुसरी गोष्ट अशी, की या गावातील सुमारे ९६ टक्के कासवांचे हॅप्लोटाइप एका वेगळ्याच कुळातले निघाले. या कुळाला संशोधकांनी ‘के’ असे नाव दिले असून त्यातले हॅप्लोटाइप तोवर तपासलेल्या इतर कोणत्याही समूहात आढळले नव्हते. अगदी शेजारच्या श्रीलंकेतली कासवेही वेगळी निघाली. तिसरी गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. आज जगभर पसरलेल्या ऑलिव्ह रिडले कासवांचे मूळ घराणे हिंदी महासागरातले असावे आणि इथूनच ती इतर महासागरांत पसरली असावीत, असे या खुणांवरून दिसले.

त्या काळी संवर्धनाच्या जगात केम्प्स रिडले या मेक्सिकोच्या आखातातल्या कासवाचा बोलबाला होता, कारण ती स्वतंत्र जात होती आणि अत्यंत दुर्मीळ झाली होती. ऑलिव्ह रिडले जगभर आहेत, म्हणून त्यांची फारशी चिंता कुणी करत नव्हते. त्याच सुमारास ओडिशाच्या किनाऱ्यावर दहा वर्षांत एक लाखाहून अधिक मृत कासवे मोजली गेली होती आणि त्यांतली बहुतेक मासेमारीच्या जाळ्यांत गुदमरून मेलेली होती. अभ्यासाचे म्हणणे असे होते, की जातीचे नाव एकच असले तरी ओडिशातला समूह गेला, तर इतर कुठल्याही किनाऱ्यावरून तो परत आणता येणार नाही. माझ्या मते या साऱ्या शास्त्राचे खरे मोल इथे कळते.

मग गुहागरची मादी ओडिशाचीच, असे का मानू नये?

श्रीलंकेचेच उदाहरण घ्या. ओडिशात टॅग केलेली कासवे श्रीलंकेच्या समुद्रात सापडल्याच्या नोंदी जुन्या आहेत. तरीही अंडी घालणाऱ्या माद्यांचा डीएनए दोन्हीकडे वेगळा निघाला. कासव एखाद्या समुद्रात जाणे ही एक गोष्ट आणि तिथे त्याचे घराणे वसणे ही दुसरी.

गुहागरची मादी नुसती फिरकली नाही, तिने तिथे अंडीही घातली. हा फरक मोठा आहे आणि त्याला कमी लेखता येत नाही. अशा आणखी माद्या असतील, तर दोन्ही किनाऱ्यांवर सारखीच आडनावे सापडण्याची शक्यता वाढते. पण ती सारखी सापडली तरी एक गफलत टाळावी लागते. दोन गावांची आडनावे सारखी राहायला दर पिढीला इकडून तिकडे मोजकीच कुटुंबे जाऊन वसली तरी पुरते. मात्र त्यातले एक गाव साथीत ओस पडले, तर पिढीमागे येणाऱ्या त्या मोजक्या कुटुंबांनी ते काही दहा-वीस वर्षांत पुन्हा भरत नाही.

कासवांचे तसेच आहे. ओडिशा आणि कोकणची कासवे डीएनएने सारखी निघाली, तर त्याचा अर्थ शेकडो-हजारो वर्षांच्या हिशेबात त्यांची देवाणघेवाण होत आली, एवढाच होतो. वेळास, आंजर्ले किंवा मोरजीच्या माद्या कमी झाल्या तर ओडिशाच्या माद्या येऊन ती जागा भरतील, असा त्याचा अर्थ होत नाही. याउलट डीएनए वेगळा निघाला, तर निष्कर्ष फार ठाम असतो. अशा वेळी माद्यांची देवाणघेवाण जवळजवळ नाहीच आणि प्रत्येक किनारा स्वतंत्रपणे सांभाळायला हवा. डीएनएचा ‘वेगळे’ हा निकाल ‘सारखे’ या निकालापेक्षा वजनदार असतो. बातम्यांमध्ये अनेकदा नेमके उलटे समजले जाते.

नरांचा हिशेब कसा लागतो?

आडनाव आईकडूनच चालत असेल, तर वडिलांचा माग त्यावरून लागत नाही. त्यासाठी केंद्रकातील डीएनएच्या खुणा वापरतात. त्यांच्या आधारे एका घरट्यातल्या पिल्लांचे वडील किती होते, हेही कळते. मादी अनेक नरांचे शुक्राणू साठवून ठेवू शकते, म्हणून एकाच घरट्यात दोन-तीन वडिलांची पिल्ले निघतात. कोस्टारिकातील ऑलिव्ह रिडलेंच्या २००६ मधील अभ्यासात, हजारो माद्या एकदम येतात त्या ओस्तियोनालच्या किनाऱ्यावर ९२ टक्के घरट्यांत एकाहून अधिक वडील आढळले. एकेकट्या माद्या येतात त्या दुसऱ्या किनाऱ्यावर हे प्रमाण ३० टक्के होते. गर्दीच्या किनाऱ्यासमोर नरांची गाठ जास्त पडते, असा त्याचा सरळ अर्थ आहे. कोकणात माद्या एकेकट्याच येतात, त्यामुळे आपल्याकडच्या घरट्यांची तुलना ओडिशापेक्षा या दुसऱ्या किनाऱ्याशी करणे अधिक योग्य ठरेल.

अनेक ठिकाणी असेही दिसले आहे, की आईकडच्या खुणांनी किनारे वेगळे दिसतात, पण केंद्रकातील खुणांनी तितके वेगळे दिसत नाहीत. याचे कारण नर वेगवेगळ्या किनाऱ्यांच्या माद्यांशी वाटेत आणि चरण्याच्या समुद्रात जुगतात. त्यामुळे फक्त एका प्रकारच्या खुणेवर विसंबून काढलेला निष्कर्ष अर्धवट असतो.

एका समुद्रात चरणारी कासवे कुणाची?

अंडी घालायचा किनारा आणि चरण्याचा समुद्र यांत हजारो किलोमीटरचे अंतर असू शकते, आणि कासव बहुधा चरण्याच्या समुद्रातच जाळ्यात सापडते. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाजवळ लॉगरहेड जातीची हजारो किशोरवयीन कासवे दिसतात, पण त्या भागात लॉगरहेड अंडी घालत नाही. ती येतात कुठून, हे कोडे १९९५ मध्ये सुटले. बाहाजवळच्या आणि उत्तर पॅसिफिकमध्ये मासेमारीच्या जाळ्यांत सापडलेल्या कासवांचे हॅप्लोटाइप सुमारे ९५ टक्के जपानच्या आणि उरलेले ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांशी जुळले. पिल्ले अख्खा पॅसिफिक ओलांडून येत होती. पुढच्याच वर्षी बाहामधून उपग्रह टॅग लावून सोडलेली अ‍ॅडेलिटा नावाची मादी जपानपर्यंत पोहत गेली. डीएनएने आधी सांगितलेली वाट एका कासवाने नंतर पोहून दाखवली. जपानमधील किनारे कितीही जपले, तरी मेक्सिकोच्या कोळ्यांशी बोलल्याशिवाय ही कासवे वाचणार नाहीत, हे त्यातून सिद्ध झाले.

दुसरे उदाहरण तापमानवाढीचे आहे. कासवाच्या पिल्लाचे लिंग वाळूच्या तापमानावर ठरते. वाळू गरम असेल तर माद्या जास्त होतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर टोकाला रेन बेट हा हिरव्या कासवांचा प्रचंड मोठा विणीचा किनारा आहे, तर दक्षिणेकडच्या थंड भागात दुसरा समूह आहे. दोन्हीकडची कासवे एकाच समुद्रात एकत्र चरतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शास्त्रज्ञांनी चरणाऱ्या कासवांचे मूळ डीएनएवरून ठरवले आणि लिंग इतर तपासण्यांवरून. दक्षिणेकडच्या कासवांत माद्या ६५ ते ६९ टक्के निघाल्या. उत्तरेकडच्या प्रौढांत त्या सुमारे ८७ टक्के होत्या आणि लहान कासवांत ९९ टक्क्यांहून अधिक. डीएनए नसता, तर दोन्ही समूहांची सरासरी निघाली असती आणि उत्तरेत गेली काही दशके नर जवळजवळ जन्मतच नाहीत, ही गोष्ट त्या सरासरीत दडून राहिली असती. आपल्याकडे संरक्षणासाठी अंडी हॅचरीत हलवतात, तिथल्या वाळूच्या तापमानाची नोंद का ठेवायची, याचे उत्तर यात आहे.

‘लाखोंनी येतात, मग इतकी चिकित्सा कशाला?’

२०२५ मध्ये ओडिशातील ऋषिकुल्या येथे सुमारे सात लाख माद्यांची नोंद झाली. असे आकडे वाचल्यावर हा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याला जोडून आणखी एक सूचना नेहमी ऐकू येते, की ओडिशात अंडी इतकी आहेत तर थोडी कोकणात आणून उबवावीत.

अंडी हलवण्याचा मोठा प्रयोग एकदा झाला आहे. १९७८ ते १९८८ या काळात मेक्सिकोतील केम्प्स रिडलेची अंडी टेक्सासमधील पाद्रे बेटाच्या वाळूत ठेवून तिथे उबवली गेली, पिल्लांना त्या किनाऱ्याचा स्पर्श घडवला गेला आणि नंतर काही महिने टाक्यांत वाढवून ती समुद्रात सोडली गेली. त्यांतल्या काही माद्या कालांतराने पाद्रेला अंडी घालायला आल्याही. पण एक जात नामशेष होण्याच्या बेतात असताना, प्रचंड खर्च करून आणि वर्षानुवर्षे वाट पाहून हे केले गेले. आपल्याकडे तशी वेळ आलेली नाही. शिवाय कोकणचा समूह वेगळा असेल, तर बाहेरची अंडी आणल्याने त्याचे वेगळेपण पुसले जाईल. आणि तो वेगळा नसेल, तर अंडी आणण्यापेक्षा इथली मादी जाळ्यात मरू न देणे कितीतरी स्वस्त आहे.

आकड्यांबाबत आणखी एक गोष्ट. किनाऱ्यावर दिसते ते घरटे, मादी नव्हे. एक मादी एका हंगामात दोन-तीनदा अंडी घालू शकते, त्यामुळे शंभर घरटी म्हणजे शंभर माद्या असे होत नाही. अमेरिकेतील जॉर्जिया, दक्षिण कॅरोलायना आणि उत्तर कॅरोलायना या राज्यांत यासाठी लॉगरहेडच्या जवळजवळ प्रत्येक घरट्यातून एक ताजे अंडे घेतात, त्याच्या कवचावरून आईचा डीएनए वाचतात आणि माद्या प्रत्यक्ष किती, कोणती मादी किती किनाऱ्यांवर गेली, हे सांगतात. आई आणि तिची प्रौढ लेक दोघी अंडी घालत असल्याचेही त्यातून उघड झाले. एक अंडे खर्ची घालणे आपल्याकडे अनेकांना रुचणार नाही, आणि ते मी समजू शकतो. शंभर-सव्वाशे अंड्यांतले एक, असा हिशेब मांडला तरी ज्या कासवमित्राने रात्रभर गस्त घालून ते घरटे कोल्ह्या-कुत्र्यांपासून राखलेले असते, त्याला तो पटवणे सोपे नाही.

कोकण आणि गोव्यात काय करता येईल

आपल्याकडे त्याची गरजही कदाचित पडणार नाही. सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेने २००२ मध्ये वेळासला काम सुरू केल्यापासून कोकणात हॅचरींचे जाळे उभे राहिले आहे. तिथे प्रत्येक घरट्याची तारीख, अंड्यांची संख्या आणि बाहेर पडलेली पिल्ले यांची नोंद होते. पिल्ले बाहेर पडल्यावर घरटे उकरून साफ करतात, तेव्हा न उबलेली अंडी आणि आतच मेलेली पिल्ले निघतात. वन विभागाच्या परवानगीने त्यांतला एकेक नमुना अल्कोहोलच्या नळीत ठेवला आणि नळीवर किनारा, तारीख व घरट्याचा क्रमांक लिहिला, तर रायगडपासून गोव्यातील मोरजी, आगोंद, गालजीबागपर्यंतच्या घरट्यांचा संग्रह जिवंत कासवाला हात न लावता तयार होईल. हा खर्च उपग्रह टॅगच्या तुलनेत किरकोळ आहे.

त्यातून तीनपैकी एक निकाल मिळेल. ‘के’ कुळाचे प्रमाण ओडिशाइतकेच निघाले, तर दोन्ही किनाऱ्यांची जुनी नातेगोते असल्याचे कळेल, पण वर सांगितलेल्या कारणाने कोकणच्या घरट्यांची राखण तरीही तितकीच आवश्यक राहील. प्रमाण स्पष्टपणे वेगळे निघाले, तर पश्चिम किनाऱ्याचा समूह संख्येने छोटा आणि स्वतंत्र आहे, असे मानून त्याचे नियोजन वेगळे करावे लागेल. अरबी समुद्रापलीकडच्या, म्हणजे ओमानसारख्या किनाऱ्यांशी जवळीक दिसली, तर चर्चेत आणखी काही देशांना घ्यावे लागेल.

मासेमारीचा प्रश्न तिन्ही निकालांत कायम राहतो. ओडिशात विणीच्या किनाऱ्यांसमोर १ नोव्हेंबर ते ३१ मे असे सात महिने मासेमारीवर बंदी असते. गुहागरला आलेली मादी त्या हंगामात अरबी समुद्रात होती, म्हणजे तिच्या बाबतीत त्या बंदीचा काही उपयोग नव्हता. इकडच्या ट्रॉलरच्या जाळ्यांत कासवाला बाहेर पडायला वाट ठेवणारे ‘टेड’ हे साधन बसवलेले आहे की नाही, यावर तिचे वाचणे अवलंबून होते.